सत्तेचाळीसची विहीर माझ्यावर नाही

आवाज दबका वाटत असेल तर सांभाळून घ्या. नगरपालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये मला भिंतीकडं तोंड करून उभं केलंय आणि पाठीवर जुन्या मतदार याद्यांचे गठ्ठे टेकवलेत. पण बोलतोय तो मीच, नकाशा. मागून मांजरपाटाचं कापड, वर-खाली लाकडी काठ्या, अंगावर सात रंग. त्यातले चार अजून ओळखू येतात.

लातूर जिल्हा नवा होऊन चार वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांनी पुढच्या वीस वर्षांत कसं वाढायचं, रस्ते कुठून न्यायचे, बाजार कुठं, कारखाने कुठं, याची एक मोठी योजना निघाली. तिच्यात प्रत्येक गावाचा एकेक नकाशा होता. मी सावरताळचा. सावरताळ म्हणजे मुखेडकडून अहमदपूरकडं जाताना लागणारं, एका ओढ्याच्या काठचं, ना धड खेडं ना धड शहर असं गाव. नगरपालिका मात्र होती, आणि नगरपालिका आहे याचा तोरा फार होता.

माझा जन्म नांदेडला, योजनेच्या भाड्याच्या कचेरीत झाला. मला काढलं रेणुकादास नावाच्या आरेखकानं. हात इतका हलका की पेन कागदावर टेकलंय हे मलाही कळायचं नाही. ओढ्याची रेघ काढताना तो श्वास धरून ठेवायचा. पण मला काढायला त्याच्यापुढं जे जुनं पत्रक होतं, ते पंचवीस वर्षांपूर्वीचं. हे त्यालाही खटकलं. तो साहेबांकडं गेला.

"साहेब, एकदा सावरताळ पायाखाली घालून येतो. मधल्या काळात काय काय झालं असेल, या पत्रकावर कसं दिसणार?"

"जीप टँकरच्या पाहणीला गेलीय, रेणुकादास. दुष्काळ आहे. नकाशा काय पळून चाललाय?"

साहेबांचंही खोटं नव्हतं. त्या वर्षी पाऊस आला तोच पाहुण्यासारखा, आणि चहा न घेता गेला. गावोगाव टँकर फिरत होते. रेणुकादास परत येऊन बसला आणि त्यानं जुन्या पत्रकावरूनच मला उतरवून घेतलं. अहमदपूर रस्त्याला लागून, ओढ्याच्या अलीकडं एक सपाट तुकडा जुन्या पत्रकात कोरा होता. त्यावर त्यानं फिकट जांभळा रंग भरला आणि सुबक अक्षरात लिहिलं, 'प्रस्तावित मालवाहू वाहनतळ'. म्हणजे ट्रक उभे करायची जागा. गट नंबर एकशे बारा; नंबर तेवढे त्यानं महसुलाच्या नव्या यादीवरून घातले.

रंग वाळेपर्यंत मी स्वतःवर जाम खूश होतो. आपल्यासारखं नीटनेटकं गाव साऱ्या मराठवाड्यात नसेल असं मला वाटलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, हे मला फार उशिरा कळलं.

एस.टी.च्या टपावर बांधून मला सावरताळला आणलं. नगरपालिकेच्या सभागृहात, अध्यक्षांच्या खुर्चीमागं शिपाई नागप्पानं मला टांगलं. अध्यक्ष होते सिद्रामप्पा. अंगानं भरलेले, फेटा मोठा. ते खुर्चीत बसले की निम्मं गाव फेट्याआड जायचं. बसस्थानक, शाळा, तळं, सगळं.

हरकती आणि सूचनांसाठी चार महिने दिले होते. लोक मला बघायला येऊ लागले. माणसाची एक सवय मी तेव्हा पाहिली, ती कधी चुकली नाही. माझ्यापुढं उभा राहिलेला प्रत्येक जण आधी आपलं घर शोधतो, मग भावकीचं. भावकीच्या रानातून रस्ता जाताना दिसला की त्याचा चेहरा उजळतो. गाव म्हणून मला कुणी पाहिलंच नाही.

पाहिलं ते एकाच बाईनं. कोंडाबाई तिचं नाव. भीमनगरात राहायची, म्हणजे गावाच्या पूर्वेला, छप्पनला ज्यांनी बौद्ध धम्म घेतला त्यांची वस्ती. ती दुपारची आली, नागप्पाला म्हणाली, "आमचं रान दाव रं यात."

नागप्पाला स्वतःलाच काही कळत नव्हतं. तो म्हणाला, "साहेब जेवाया गेलेत. बसा."

ती बसली नाही. माझ्याजवळ आली. तिला अक्षर येत नव्हतं. पण ओढ्याची निळी रेघ तिनं बरोबर हेरली आणि तिच्यावर बोट ठेवून चालायला लागली. "ह्यो वढा. हितं मसनवटा. हितं वढा वळतो. ही पुलाची मोरी. मोरीपसून वीसेक पावलं..." आणि तिचं बोट थांबलं ते नेमकं त्या जांभळ्या तुकड्यावर, जिथं थांबायला हवं तिथंच. माझ्या अंगावर काटा आला. रेणुकादासनंही मला इतकं बिनचूक वाचलं नव्हतं.

"हितं आमची हीर हाय," ती म्हणाली. "ती कुठं हाय यात?"

"मावशी, हात लावू नका, रंग जाईल," नागप्पा म्हणाला.

विहिरीची हकीकत मला तिच्याच तोंडून कळली. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा गावातल्या विहिरीवर भीमनगरातल्या बायकांना घागर बुडवू देत नव्हते. कुणी वरून ओतलं तर ओंजळ धरायची. दिवसभर खडी फोडून संध्याकाळी वस्तीतली माणसं कोंडाबाईच्या नवऱ्याच्या, केरबाच्या, तुकड्यात खणायला लागली. अकरा महिने खणत होती. पस्तीस हातांवर पाणी लागलं. त्यानंतर भीमनगरातली एकही बाई ओंजळ धरून उभी राहिली नाही. केरबा पुढं वारला, पण विहीर आटली नाही. या दुष्काळातही तळाला पुरुषभर पाणी होतं. त्या तुकड्याचा जुना सर्वे नंबर सत्तेचाळीस, म्हणून सारी वस्ती तिला 'सत्तेचाळीस' म्हणायची. "सत्तेचाळीसला जाऊन येते गं," असं.

आणि माझ्यावर तिथं ट्रक उभे राहणार होते.

कोंडाबाई तडक तहसीलपुढं बसणाऱ्या अर्जनवीस अनंतरावांकडं गेली. अनंतराव निजामाच्या काळापासून लोकांचे अर्ज लिहीत आलेले. त्यांनी तिचा जपून ठेवलेला जुना कागद पाहिला आणि वळणदार अक्षरात हरकत लिहिली की, सर्वे नंबर सत्तेचाळीसमधली पिण्याच्या पाण्याची विहीर बुजवू नये, वाहनतळ दुसरीकडं न्यावा.

इथं घोळ झाला. बहात्तरनंतर काही वर्षांनी सावरताळला जमिनींचं एकत्रीकरण झालं होतं. सर्वे नंबर गेले, गट नंबर आले. सत्तेचाळीसचा झाला गट एकशे बारा. कागदोपत्री हो! वस्तीत कुणी कशाला एकशे बारा म्हणेल? विहिरीचं नाव बदलतं का? अनंतरावांनीही कागदावर होतं तेच लिहिलं. आणि माझ्यावर तर नुसते गट नंबर होते, जुन्यांचा मागमूस नाही. मी खोटं बोलत नव्हतो, पण अर्धंच बोलत होतो. त्याची लाज मला आजही वाटते.

एकूण दोनशे अकरा हरकती आल्या. वरून हुकूम होता की नगरपालिकेनं आपल्या हद्दीतल्या हरकतींची छाननी करून अभिप्राय पाठवावा. छाननी म्हणजे काय, तर बाहेरगावाहून बदलून आलेला एक ओव्हरसियर आणि एक कारकून दोन दिवस सायकलवर फिरले. जाण्याआधी ते माझ्यापुढं उभे राहिले. कारकुनानं अर्जातला सत्तेचाळीस आकडा पाहिला, माझ्यावर सत्तेचाळीस शोधला. तो त्याला सापडला. गावाच्या पार पश्चिमेला, गट नंबर सत्तेचाळीस, गायरानाची टेकडी. मी ओरडत होतो, पण कागदाला कुठलं तोंड!

ते टेकडीवर गेले. तिथं विहीर कशी असणार? होती दोन बाभळी आणि एक शेरडं राखणारी म्हातारी. परत येऊन त्यांनी तक्ता केला. माणसांची नावं गाळून टाकली, कारण रकाने तीनच होते. हरकत क्रमांक एकशे अडतीस, नंबर सत्तेचाळीस. 'समक्ष पाहणी केली असता सदर जागी विहीर आढळून आली नाही. हरकत निकाली.'

तरीही अजून सगळं हातात होतं. हा तक्ता सभेपुढं वाचला जायचा होता. आणि सभेत रामकिशन होता, भीमनगरचा नगरसेवक. कोंडाबाई त्याची सख्खी मावशी; सरकारात कागद दिलाय म्हणजे काम झालं, असं समजून तिनं त्याला काही सांगितलं नव्हतं. तो सत्तेचाळीसचं पाणी पिऊन वाढलेला आणि त्याच विहिरीत पोहायला शिकलेला. तो आकडा नुसता कानावर पडला असता तरी तो खुर्चीतून उठला असता. मी त्या सभेची वाट पाहत राहिलो. नकाशानं आशा धरू नये, पण धरली.

सभा अकराला सुरू झाली. हरकतींचा विषय सातवा. सहावा होता, सावरताळ नांदेड जिल्ह्यात राहावं की नव्या लातूर जिल्ह्यात जावं. झालं! अडीच तास तेच.

"नवं घर हाय. नव्या घरात लेकरांचे लाड जास्त. लातूरला चला," एक जण म्हणाला.

"अन् नांदेडची सोयरीक काय वाऱ्यावर सोडायची?" दुसरा.

सदस्य एकामागून एक उठून माझ्याकडं यायचे आणि काठावरच्या तांबड्या रेघेवर, म्हणजे जिल्ह्याच्या हद्दीवर, बोट घासायचे. बोटं पानाची, चुन्याची. एकानं तर थुंकी लावून रेघ पुसते का ते पाहिलं. ज्या गावाला प्यायला पाणी नव्हतं ते गाव आपण कुणाचे यावर भांडत होतं. शेवटी सिद्रामप्पा म्हणाले, "हा विषय फुडच्या सभेला ठेवू. सात घ्या."

कारकून तक्ता घेऊन उभा राहिला. बोटाला थुंकी लावून त्यानं पहिलं पान उलटलं. "हरकत क्रमांक एक..."

चार झाल्या. पाचवीला रामकिशन उठला. मला वाटलं, बरं झालं, हा तरी आता नीट वाचायला सांगेल.

तो म्हणाला, "अध्यक्षसाहेब, दोन वाजता वार्डात टँकर येणार हाय. मी नसलो तिथं तर बायका एकमेकींची डोकी फोडतेत. सत्तर घरं नवीन येऊन राहिलेत, त्यांला हिरीचं पुरंना. हे वाचल्याचं समजा अन् करा मंजूर."

"समजा, समजा!" सगळीकडून आवाज आला. भूक सगळ्यांनाच लागली होती.

ही त्या सभागृहाची जुनी रीत. आधी मागच्या सभेचं इतिवृत्त तेवढं वाचल्याचं समजायचे. मग अहवाल समजायला लागले, मग पत्रं. पुढं पुढं कशालाच वाचायची गरज उरली नाही. सगळेच समजूतदार. सिद्रामप्पांनी फेटा सारखा केला, हात वर झाले, सर्वानुमते. सर्वांत आधी वर गेलेला हात रामकिशनचा. आणि तो पाण्यासाठीच धावत गेला, हे विसरू नका. मी त्याला शिव्या देऊ पाहतो, पण देता येत नाहीत.

कोंडाबाईला हे कळलं ते जमीन संपादनाची नोटीस घरी आली आणि हरकत का निकाली निघाली ते अनंतरावांनी चौकशी करून सांगितलं तेव्हा. ती भर उन्हात आली. डोक्यावर भरलेली घागर होती. सभागृहात सिद्रामप्पा, कारकून, रामकिशन आणि आणखी दोघे-तिघे बसले होते. कचेरीचा रांजण दोन दिवस कोरडा होता. तिनं घागर टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "घ्या, पानी प्या."

नागप्पानं पेले आणले. सगळे प्यायले. ज्यांच्या घरच्यांनी बहात्तरला वरून ओतलं होतं, तेही. सिद्रामप्पांनी एक पेला संपवून दुसरा घेतला.

"लई गोड हाय, कोंडाबाई. कुठलं म्हणायचं हे?"

"जी हीर सापडली न्हाई म्हनून लिवलंय तुमी, तिचंच."

पेला अर्धा होता. तो त्यांनी हळूच खाली ठेवला. रामकिशननं तक्ता ओढून घेतला आणि एकेक पान बघत गेला. एकशे अडतीसवर आला. तिथं बोट टेकवलं. मग तो माझ्याकडं वळला. पश्चिमेच्या टेकडीकडं पाहिलं, पूर्वेच्या जांभळ्या तुकड्याकडं पाहिलं.

"मावशी," तो म्हणाला, "हे वाचलंच न्हाई मी."

"तू व्हतास ना रं सभंला?"

"व्हतो."

कोंडाबाई त्याला रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं पदरानं तोंड पुसलं.

"आता फिरवा की ठराव," रामकिशन सिद्रामप्पांना म्हणाला. त्यांनी कारकुनाकडं पाहिलं. कारकून नियम सांगू लागला. ठराव तीन महिने फिरवता येत नाही. आणि अभिप्राय तर केव्हाच वर गेलाय. तरी वरच्या कचेरीला एक पत्र लिहिलं गेलं, मग दुसरं. रामकिशन स्वतः चारदा नांदेडला जाऊन आला. तिथं त्याला एकच उत्तर मिळालं. तुमच्याच नगरपालिकेनं, तुमच्याच सहीनं लिहून दिलंय की विहीर नाही. मग आता आली कुठून? वरातीमागून घोडं कितीही पळवलं तरी वरात काही थांबत नाही.

विहीर बुजवली ते मी पाहिलं नाही, नागप्पा सांगायचा. मुरूम टाकायला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी मुरूम पडला की पाण्याचा आवाज यायचा. तिसऱ्या दिवशी तो थांबला. कोंडाबाई बांधावर बसून होती. कुणी उठवायला गेलं नाही, आणि तीही रडली नाही म्हणे. मी मात्र सांगतो, मला रडू येत होतं. माझ्यावरचा तो जांभळा रंग कुणी खरवडून काढावा असं वाटत होतं. भिंतीवर दिमाखात टांगलेलो असताना इतकं ओशाळवाणं दुसऱ्या कुणाला वाटलं असेल, असं मला वाटत नाही.

वाहनतळ झाला नाही. आधी निधी नव्हता, मग मोठा रस्ताच दुसरीकडून गेला आणि ट्रक तिकडून जायला लागले. तुकडा सरकारजमा होऊन पडून राहिला. भीमनगराला आता दर उन्हाळ्यात टँकर यायला लागला. वस्तीत तेवढी एकच मोकळी, सपाट जागा. तिथंच तो उभा राहतो. बुजवलेल्या विहिरीवर उभ्या राहून बाया त्याच्या नळीखाली घागरी धरतात. कोंडाबाई असेतोवर त्या रांगेत कधी आली नाही. पाणी दुसऱ्या वस्तीतून आणायची, दीड कोस चालून. शेवटचं दुखणं आलं तेव्हा सुनेनं टँकरचं पाणी तोंडाला लावलं. ते मात्र ती प्यायली.

सिद्रामप्पा गेले, नागप्पा निवृत्त झाला. नवं सभागृह बांधलं, तिथं माझ्या मापाची भिंत नव्हती. मला गुंडाळायलाही कुणी उरलं नाही, तसंच आणून इथं ठेवलं.

गेल्या महिन्यात रामकिशन आला होता. पार वाकलाय. नवा आराखडा निघालाय, त्याच्यावर हरकती मागवल्यात, त्यासाठी त्याला जुनं काही पाहायचं होतं. त्यानं याद्यांचे गठ्ठे बाजूला केले आणि मला उजेडाकडं फिरवलं. ओढ्याच्या रेघेवरून त्याचं बोट मोरीपर्यंत आलं आणि थांबलं. मग खिशातून पेन्सिल काढून त्यानं तिथं एक छोटा गोल काढला. लिहिलं, 'विहीर'. जागा चुकली नाही. इतक्या वर्षांत माझ्यावर उमटलेली तेवढी एकच खरी खूण.

रेकॉर्ड सांभाळणारी सौदामिनी नावाची मुलगी आहे, मनानं चांगली. ती लगबगीनं आली. "काका, सरकारी नकाशावर काही लिहायचं नसतं हो." खोडरबर आणून तिनं तो गोल अलगद पुसला. मग त्याचं तोंड पाहून तिला वाईट वाटलं असावं. तिनं विचारलं, "तिथं विहीर आहे का, काका?"

"न्हाई," तो म्हणाला. "व्हती."

"मग नकाशा बरोबरच आहे की."

रामकिशननं मान हलवली आणि काठी घेऊन गेला. हरकत त्यानं लिहिली की नाही, मला माहीत नाही.

मला कुणाकडून काही नको. नव्या नकाशांवर सभा भरतील, तक्ते येतील. तेव्हा जमलं तर मोठ्यानं वाचा, एवढंच. मला पुन्हा उजेडाकडं फिरवण्याचे कष्ट घेऊ नका. माझ्यात आता चूक उरलेली नाही. उद्या कुणी म्हणालं की भीमनगरात एक विहीर होती, अकरा महिने खणलेली, तर नगरपालिका मला पुढं करील, आणि मी साक्ष देईन की तिथं काहीच नव्हतं.